टाकून देण्याची अक्कल

सर्व्हरवरच्या शिळ्या फाइली काढून टाकायला अक्कल लागत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. ते काम मी आपणहून अंगावर घेतलं, त्याचं कारणही तेच. अक्कल लागणारी कामं आमच्या घराण्यात सहसा माझ्यापर्यंत येत नाहीत. लग्नाचा हॉल ठरवायचा तर थोरल्या भावाला विचारतात, जमिनीचे कागद काकांकडे जातात. माझ्या वाट्याला प्रिंटर, वायफाय, टीव्हीचा अचानक गेलेला आवाज आणि मावशीची वेबसाइट.

मावशीची वेबसाइट पाककृतींची आहे. मावशी शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने आजीच्या वहीतले पदार्थ एकेक करून टाइप करायला घेतले आणि त्यांना गणिताच्या बाईंच्या शिस्तीने मापं लावली. 'मीठ चवीनुसार' तिला खपत नाही. दीड चमचा म्हणजे दीड चमचा. लोकांना हे फार आवडलं. वर्षभर बेताची वर्दळ आणि दसरा झाला की दिवाळीपर्यंत झुंबड, असा तिथला रिवाज. त्यासाठी मी महिन्याच्या भाड्याने एक छोटा सर्व्हर घेऊन दिला होता. १ जीबी मेमरी, २० जीबी डिस्क, त्यावर लिनक्स आणि वर्डप्रेस. देखभालीचा मोबदला म्हणून मला दर दिवाळीला फराळाचा एक डबा जास्तीचा मिळतो. तो मी आजवर निर्लज्जपणे घेत आलो आहे.

वर्डप्रेसमध्ये पान तयार असं नसतंच. कुणी चकलीचं पान मागितलं की पीएचपी जागं होतं, मायएसक्यूएलच्या डेटाबेसमधून मजकूर, फोटोंचे पत्ते, लोकांचे अभिप्राय आणि शेवटची 'हेही करून बघा'ची यादी गोळा करतं आणि सगळं जुळवून धाडून देतं. पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुणी तेच पान मागितलं, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मावशी खोबऱ्याचं वाटण एकदाच करून फ्रीजमध्ये ठेवते आणि पुढे दोन-तीन भाज्यांना पुरवते, तशी सोय सर्व्हरवरही करता येते. एकदा जुळवलेलं पान फाइल करून बाजूला ठेवायचं आणि पुढच्या माणसाला तेच उचलून द्यायचं. ही झाली कॅशे. त्यासाठी तयार, फुकट आणि जगभर वापरून घासूनपुसून घेतलेली प्लगइनं मिळतात. ती मी घेतली नाहीत. तयार वस्तूच वापरायची तर मग आपण शिकलो कशाला, या थोर विचाराने मी स्वतःची कॅशे लिहिली.

साठेक ओळींचा प्रोग्राम. पानाच्या पत्त्यावरून एमडी५ या रीतीने बत्तीस अक्षरांचं एक नाव काढायचं आणि त्या नावाची फाइल एका फोल्डरमध्ये टाकायची. फाइल तीस दिवसांच्या आतली असेल तर तीच द्यायची, त्याहून जुनी असेल तर नवं पान करून तिच्यावर लिहायचं. साइट अशी पळायला लागली, की मी ती नातेवाइकांना मुद्दाम फोनवर उघडून दाखवायचो. नातेवाईक म्हणायचे, "आमच्याकडे पण अशीच उघडते."

त्या साठ ओळींमध्ये ठेवण्याची व्यवस्था चोख होती. टाकण्याची ओळ मात्र एकच: मावशीने पान दुरुस्त केलं, की त्या पानाची फाइल पुसायची. बाकी जुन्यावर नवं आपोआप लिहिलं जाणार, मग टाकायचं काय उरलं, असा माझा हिशेब. हिशेब बरोबर होता, फक्त त्यात फेसबुक धरलेलं नव्हतं. फेसबुकवरच्या लिंकला कुणी बोट लावलं की २०१८पासून पत्त्याच्या शेवटी 'एफबीसीएलआयडी' नावाचं एक लांबलचक शेपूट लागतं, आणि ते प्रत्येक क्लिकला वेगळं असतं. पान तेच, पण पत्ता वेगळा. पत्ता वेगळा म्हणून एमडी५ वेगळं. एमडी५ वेगळं म्हणून फाइल नवी. भाजणीची चकली फेसबुकवरून हजार जणांनी उघडली की माझ्या फोल्डरमध्ये हजार चकल्या. तेच शेपूट घेऊन पुन्हा सहसा कुणी येत नाही, म्हणून त्या फाइलीवर नवी फाइल लिहिलीही जात नाही. वर्षानुवर्षं हे साठत होतं, आणि मी लोकांना वेग दाखवत फिरत होतो.

ठिणगी पडली ती मोहनाची. दसरा झाल्या झाल्या मावशीने चकलीचं पान नव्याने लिहिलं, आणि साक्षात गणिताच्या बाईंच्या हातून ४ वाट्या भाजणीला 'पाव वाटी'च्या जागी '१ वाटी' मोहन पडलं. तासाभरात तिच्या लक्षात आलं, तिने दुरुस्त केलं आणि ती विसरून गेली. आठवडा-दहा दिवसांनी, लोकांनी भाजण्या दळून आणल्यावर, फोन सुरू झाले. मोहन इतकं जास्त झालं की चकली तेलात सोडताच फसफसते, तिचे वेढे सुटतात आणि कढईच्या तळाशी नुसता गाळ उरतो. एकीने तो गाळ झाऱ्याने काढून त्याचा फोटोही पाठवला होता.

"अरे, मला तर पाव वाटीच दिसतंय," मावशी म्हणाली. "आणि ह्या बाई म्हणतात एक वाटी लिहिलंय. त्यांना वाचता येत नाही की मला?"

"त्यांनी घाईत वाचलं असेल गं."

त्या बाईंनी स्क्रीनशॉट पाठवला. एक वाटी, ठळक अक्षरात.

दोघींनाही वाचता येत होतं. साइटवर लॉगिन केलेल्या माणसाला कॅशेतलं पान द्यायचं नाही, असं मीच लिहून ठेवलं होतं. मावशी कायम लॉगिन केलेली, त्यामुळे तिला नेहमी ताजं पान दिसायचं. आणि दुरुस्ती झाली तेव्हा माझ्या त्या एकुलत्या एक ओळीने फाइल पुसली, ती फक्त बिनशेपटीच्या पत्त्याची. चुकीच्या त्या तासाभरात कुणीतरी फेसबुकवरून पान उघडलं होतं आणि लिंक शेपटासकट उचलून आपल्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. आता अख्खी भिशी त्याच एका गोठलेल्या पानावरून चकल्या करत होती, आणि माझ्या तीस दिवसांच्या नियमाने पुढेही करत राहणार होती.

"सर्व्हरची कॅशे साफ करतो," मी मावशीला म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

त्याच संध्याकाळी दुष्काळात तेरावा महिना आला. मावशीला रव्याच्या लाडवाचा फोटो चढवता येईना. सर्व्हर म्हणे डिस्कवर जागा नाही. मी बघितलं तर डिस्क निम्मी रिकामी. "जागा भरपूर आहे, तुझा फोटो मोठा असेल," असं मी अधिकारवाणीने सांगितलं. मावशीने फोटो लहान केला. मग आणखी लहान केला. शेवटी लाडू आहे की लसूण हे कळेना इतका लहान झाला, तरी सर्व्हर जागा नाहीच म्हणत होता.

लिनक्सच्या एक्स्ट-फोर या फाइलव्यवस्थेत प्रत्येक फाइलीमागे एक आयनोड खर्ची पडतो. फाइल कुणाची, केव्हाची, डिस्कवर कुठे आहे, याची ती नोंद. आयनोड एकूण किती असणार, हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरून जातं. नेहमीच्या प्रमाणाने दर १६ केबीला एक, म्हणजे २० जीबीला सुमारे १३ लाख. ते संपले की जागा कितीही रिकामी असली तरी नवी फाइल करता येत नाही. 'डीएफ' या आज्ञेला नुसतं विचारलं तर ती जागा सांगते, पुढे 'आय' लावून विचारलं तर आयनोड सांगते. मी आजवर कधी 'आय' लावलाच नव्हता. लावला. १०० टक्के.

म्हणजे शिळी चकली आणि न चढणारा लाडू, दोन्हीचा उगम माझ्या एकाच फोल्डरमध्ये होता. आत काय आहे ते बघावं म्हणून 'एलएस' दिलं. 'एलएस'ला नावं क्रमाने लावून मगच दाखवायची खोड असते. दहा लाखांहून जास्त नावं क्रमाने लावायला बसल्यावर ते गप्पच झालं. मग मी सगळ्यांचा आवडता उपाय केला: 'आरएम' ही पुसण्याची आज्ञा आणि पुढे फुली. उत्तर आलं, 'अर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. फुली पाहिली की शेल, म्हणजे आपल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, तिच्या जागी फोल्डरमधली सगळीच्या सगळी नावं लिहून ती एका दमात पुढे देऊ पाहतं. लिनक्सची त्यासाठीची मर्यादा साधारण २ एमबीची, आणि बत्तीस अक्षरांची दहा लाख नावं म्हणजे तीन कोटींवर अक्षरं. पुसण्याचा कार्यक्रम सुरू होण्याआधीच आमंत्रितांच्या यादीवर अडला.

यावर उतारा म्हणजे 'फाइंड'. ते एकेक फाइल शोधतं आणि सांगाल ते करतं. इथे माझ्यातला शहाणा जागा झाला. म्हटलं, सणाची गर्दी आहे, सगळं पुसायला नको. फक्त सात दिवसांहून जुनं पुसू. भिशीची चकलीही त्यात जाते, आणि गर्दीला लागणारी ताजी पानं राहतात. पुसता पुसता नव्या फाइली पडत राहू नयेत म्हणून कॅशेचं लिहिणंही तेवढ्यापुरतं बंद केलं. आधी नुसती यादी छापून बघितली, ती बरोबर आली. मग त्याच ओळीत 'डिलीट' घातलं, फोल्डरच्या नावानंतर लगेच. आधी हुकूम, मागून अटी, अशी माझी व्यवहाराची समज.

'फाइंड' डावीकडून उजवीकडे वाचतं. 'डिलीट' आधी आलं तर ते आधी पुसतं, आणि पुसून झाल्यावर ही फाइल सात दिवसांहून जुनी होती का, याची चौकशी करतं. असं लिहू नका, अशी सूचना त्याच्या मॅन्युअलमध्येच दिलेली आहे. मॅन्युअल मी उघडलं, पण ते नंतर.

त्या वेळी मी समाधानाने आकडे बघत बसलो होतो. आयनोड शंभरावरून नव्वदवर, सत्तरवर, चाळीसवर. किती शिळं साठलं होतं म्हणून मी चुकचुकलोसुद्धा. अकरा टक्क्यांवर येऊन ते थांबलं. मावशीला फोन केला, "टाक आता फोटो." लाडू चढला, पूर्ण आकारात. मी कॅशेचं लिहिणं पुन्हा सुरू केलं आणि जेवायला बसलो.

वेळ रात्री नऊची. उद्या वसुबारस. घराघरांतून जेवणं आटोपून लोक मोबाइल घेऊन फराळाची मापं बघायला बसलेले. त्यातल्या प्रत्येकासाठी आता पीएचपी उठत होतं आणि डेटाबेसकडे धावत होतं, कारण तयार पान एकही उरलेलं नव्हतं. १ जीबी मेमरी या जत्रेला कुठून पुरणार? मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल त्यातल्या त्यात लठ्ठ प्रक्रिया हेरतो आणि ती मारून बाकीच्यांना जगवतो. माझ्या सर्व्हरवर सगळ्यात लठ्ठ मायएसक्यूएल होतं. ते गेलं, आणि साइटवर पांढऱ्या पानावर एकच ओळ उरली: डेटाबेसशी जोडणी होत नाही.

"आता एक वाटीही दिसत नाही नि पाव वाटीही नाही," मावशी फोनवर म्हणाली. तिचा आवाज शांत होता. वर्गात खडू खाली ठेवल्यावर असायचा तसा.

मायएसक्यूएल मी पुन्हा सुरू केलं. ते काही क्षण जगलं, गर्दी बघितली आणि पुन्हा गेलं. मला वाटलं, कॅशे हळूहळू भरेल तसं निवळेल. पण ती भरतच नव्हती. फोल्डर बघायला गेलो तर फोल्डरच नाही. 'फाइंड'ने आतलं सगळं पुसल्यावर शेवटी माझ्या आज्ञेप्रमाणे फोल्डरही पुसलं होतं. मग माझ्या प्रोग्रामने फाइल लिहिता येत नाही अशी तक्रार का केली नाही? कारण पीएचपीमध्ये एखाद्या आज्ञेच्या आधी 'ॲट'चं चिन्ह घातलं, की ती आपल्या चुकांबद्दल मूग गिळून गप्प बसते. साइटवर भलतेसलते इशारे दिसू नयेत म्हणून मी ते हौसेने घातलं होतं.

फोल्डर नव्याने केलं. तरीही एक फाइल पडेना. मी रूट म्हणून, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी म्हणून, आत शिरलेलो, त्यामुळे फोल्डर रूटच्या मालकीचं झालं. पीएचपी बिचारं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या साध्या नावाने काम करतं, त्याला तिथे लिहायची मुभा नाही. आणि 'ॲट'मुळे तेही त्याने मला सांगितलं नाही.

अशा वेळी माणूस थोरामोठ्यांची संकटं आठवतो. 'टॉय स्टोरी २' बनत असताना १९९८मध्ये पिक्सारच्या सर्व्हरवर कुणाकडून तरी पुसण्याची आज्ञा गेली आणि चित्रपटाचा बराचसा भाग नाहीसा झाला. बॅकअप चालत नव्हता. बाळ लहान म्हणून घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून निभावलं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबमध्ये एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत हात थांबला, तोवर ३०० जीबीतले साडेचार उरले होते. बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही धड निघाली नाही. सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेली एक प्रत कामी आली. हे आठवून मला बराच धीर आला. त्यांचा चित्रपट गेला होता, माझी नुसती चकली.

नेटस्केपमध्ये काम केलेले फिल कार्लटन म्हणत, की संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच: कॅशे रद्द करणं आणि वस्तूंना नावं देणं. नावं देण्याचं काम मी एमडी५च्या गळ्यात घालून मोकळा झालो होतो. राहिलेलं माझ्याकडे होतं.

फोल्डरची मालकी बदलून दिली. पहिली फाइल पडली. मग दुसरी, मग भराभर. मायएसक्यूएलने तग धरला. पत्त्याचं शेपूट कापून मगच नाव काढायचं, अशी एक ओळ मी प्रोग्राममध्ये घातली, आणि हजार चकल्यांची एक चकली झाली. तोपर्यंत मावशी येईल त्या फोनवर मापं तोंडी सांगत होती, आणि समोरच्या बाईंकडून ती परत म्हणवून घेत होती. मध्येच मला फोन करून म्हणाली, "तुझं दोन मिनिटांचं काम झालं की सांग."

मी 'झालं' म्हणून सांगितलं. पाठोपाठ भिशीतल्या त्याच बाईंचा नवा स्क्रीनशॉट आला. एक वाटी.

सर्व्हरवर तेव्हा जुनी अशी एकही फाइल नव्हती, फोल्डरदेखील त्याच रात्री केलेलं होतं. मग ही चकली आली कुठून? त्यांच्या फोनमधून. पान पाठवताना मी ब्राउजरला सांगत होतो, की हे तीस दिवस तुझ्याकडेच ठेव, मला पुन्हा विचारू नकोस. 'मॅक्स-एज' २५,९२,००० सेकंद. वेग वाढावा म्हणून. त्यांच्या ब्राउजरने ते प्रामाणिकपणे ऐकलं होतं. दहा लाख फाइली मी पुसल्या, त्यांत ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं अशा सगळ्या गेल्या. जी जायला हवी होती, तिच्यावर माझी सत्ताच नव्हती.

शेवटी त्या बाईंना सांगितलं, की लिंकच्या अगदी शेवटी एक 'अँड'चं चिन्ह आणि काहीही अक्षरं टाकून उघडा. पत्ता बदलला की ब्राउजरला पान नवं वाटतं आणि तो ते सर्व्हरकडून मागून घेतो. ज्या शेपटाने घोळ घातला, तेच थोडं वाढवून घोळ मिटला. पाव वाटी दिसली. "आधीच का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशीकडे होतं, पण ते तिने फराळाच्या डब्यातून दिलं. त्या वर्षी डबा एकच आला.

ज्यांच्या गळ्यात अशी एखादी घरगुती वेबसाइट पडली असेल त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. ठेवायची सोय लिहाल त्याच दिवशी टाकायची सोयही लिहा. न जमल्यास निमूटपणे तयार प्लगइन घ्या. अधूनमधून डिस्कच्या जागेबरोबर आयनोडही बघा. मजकुराचं पान लोकांच्या ब्राउजरमध्ये काही मिनिटांच्या वर ठेवू नका. लांबची मुदत फोटोंना द्या. कॅशे रिकामी करायचीच तर जुन्या फोल्डरचं नाव बदलून बाजूला सारा, त्या जागी योग्य मालकाचं नवं फोल्डर करा आणि जुनं मागाहून सावकाश पुसा. 'फाइंड'मध्ये 'डिलीट' अगदी शेवटी लिहा. आणि हे सगळं भाऊबीज होऊन गेल्यावर, आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी, सकाळी चहा झाल्यावर करा.